पाल व्हिडिओसाठी चिपवरचा अँटी-एलियसिंग फिल्टर : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२४

काम पक्के झाले. एका हौशी नाट्यसंस्थेकडे १९८० आणि ९०च्या दशकांतल्या प्रयोगांच्या व्हीएचएस कॅसेट पडून आहेत. त्या डिजिटल करायच्या, आणि व्हीसीआर (कॅसेट चालवणारे यंत्र) ते एडीसी (सिग्नलचे ठरावीक क्षणी आकडे, म्हणजे सँपल, करणारी चिप) यांच्या मधला अ‍ॅनालॉग भाग आपण स्वतः चिपवर घडवायचा: सँपल करताना वरच्या वारंवारता खाली दुमडून चित्रात मिसळू नयेत म्हणून त्या आधीच गाळणारा अँटी-एलियसिंग फिल्टर. बाजारात स्वस्त यूएसबी कॅप्चर मिळतात. त्यांतला एक लावून पाहिला, तर लाल नऊवारीचा रंग काठ सोडून उजवीकडे सरकलेला, आणि काळ्या पडद्यापुढे उभ्या नटाच्या खांद्यालगत पांढुरकी दुसरी रेघ.

व्हीएचएसमध्ये रंगाची बँडविड्थ मुळातच तोकडी असते, त्यामुळे थोडा रंग पसरणारच. पण टेपच्या दोषात आपल्या सर्किटचा दोष मिळवला जातो, आणि एकदा मिसळले की कोणता कोणाचा हे वेगळे काढता येत नाही. या टेपा ठिसूळ झाल्या आहेत. आज जी नक्कल निघेल तीच पुढे राहणार आहे. म्हणून फिल्टर नीट हवा.

चिप घडवण्याची प्रक्रिया स्काय१३०, म्हणजे १३० नॅनोमीटर. पीडीके, म्हणजे त्या प्रक्रियेचे नियम आणि मॉडेल, खुले आहे. एक्सस्कीम (सर्किट काढायला), एनजीस्पाइस (सिम्युलेशनला) आणि मॅजिक (लेआउटला) एवढ्या साधनांत काम होईल. एडीसी चिपबाहेर.

९ फेब्रुवारी

आकडे. पालमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत, ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे १५,६२५ रेषा दर सेकंदाला आणि रेषेला ६४ मायक्रोसेकंद. आपल्याकडच्या जुन्या पाल-बी प्रसारणात व्हिडिओची बँडविड्थ ५ मेगाहर्ट्झ, रंगाचा उपवाहक, म्हणजे रंग वाहून नेणारी लाट, ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झवर.

डिजिटल बाजू बीटी.६०१ या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे ठेवायची आहे. ल्युमाचे (उजेड-अंधाराच्या सिग्नलचे) सँपलिंग १३.५ मेगाहर्ट्झला, एका रेषेत ८६४ सँपल, त्यांपैकी ७२० चित्राचे. १३.५ गुणिले दहा लाख भागिले १५,६२५ केले की बरोबर ८६४ येतात. अमेरिकी ५२५ रेषांच्या पद्धतीत हीच वारंवारता ८५८ सँपल देते. दोन्ही जगांना एकच घड्याळ चालावे म्हणून हा आकडा शोधला गेला, आणि मला तो फार सुंदर वाटतो.

त्याच शिफारशीत फिल्टरचा साचा दिला आहे: ५.७५ मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट, ६.७५ला निदान १२ डेसिबल खाली, ८ला ४० डेसिबल खाली (म्हणजे शंभरावा भाग उरतो). ५.७५ ते ८ एवढ्या चिंचोळ्या जागेत सगळे उतरायचे.

१७ फेब्रुवारी

साच्यात बसेल असा फिल्टर कागदावर मांडला. पासबँडमध्ये ०.०५ डेसिबलची लहर चालवून घेतली तर बटरवर्थला (सपाट, सौम्य उताराचा प्रकार) २३वी ऑर्डर लागते, आणि ऑर्डर जितकी वरची तितके सर्किट मोठे. म्हणजे विषय संपला. एलिप्टिकला (तीव्र उताराचा प्रकार) ६वी पुरते. ऑर्डर मोजणारा इथे खूश होऊन थांबेल.

थांबायचे नाही, कारण व्हिडिओत कान नसून डोळा न्याय करतो. आवाजात निरनिराळ्या वारंवारता थोड्या मागेपुढे पोचल्या तर सहसा कळत नाही. चित्रात कळते, कारण तिथे वेळ म्हणजेच जागा. पाल रेषेचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा. ५० सेंटिमीटर रुंद पडद्यावर १०० नॅनोसेकंद म्हणजे जवळजवळ १ मिलिमीटर. उपवाहकाजवळचा रंग ल्युमापेक्षा तेवढा उशिरा पोचला की साडीचा लाल रंग काठाच्या एक मिलिमीटर पुढे.

एलिप्टिकचा ग्रुप डिले, म्हणजे प्रत्येक वारंवारतेला फिल्टरमध्ये होणारा उशीर, पाहिला. खालच्या वारंवारतांना सरळ, आणि ५ मेगाहर्ट्झच्या पुढे शिखर. कडेला सर्वांत वरच्या क्यूची (सर्वांत तीव्र अनुनादाची) ध्रुवजोडी आहे, आणि तिथला जादा उशीर एका सँपलच्या, म्हणजे ७४ नॅनोसेकंदांच्या, बराच वर जातो. तीव्र उताराची ही किंमत आहे. फिल्टरच्या आत ती टळत नाही. बाहेरून ऑल-पास (फक्त उशीर बदलणाऱ्या) जोड्या लावून उशीर सपाट करता येतो, जुन्या स्टुडिओतल्या एलसी (कॉइल-कपॅसिटरच्या) फिल्टरांत तसे करत. तिथे कॉइल हाताने जुळवत. चिपवर कॉइल नाही आणि हातही पोचत नाही.

दूरचित्रवाणीच्या तंत्रविभागातून निवृत्त झालेले एक काका आम्हाला सल्ला देतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘अरे, वारंवारतेचा आलेख नंतर बघ. आधी २टी पल्स घाल आणि बाहेर काय येतंय ते बघ. चित्र त्यातच आहे.’’

२४ फेब्रुवारी

काकांच्या सांगण्यावरून. २टी म्हणजे साइन-वर्ग आकाराचा पल्स. ५ मेगाहर्ट्झच्या पद्धतीला टी १०० नॅनोसेकंद, म्हणून अर्ध्या उंचीला रुंदी २०० नॅनोसेकंद. त्याची ऊर्जा ५ मेगाहर्ट्झच्या आत संपते. तो जर वाकडा होऊन बाहेर आला तर दोष फिल्टरचा, सिग्नलचा नाही. एलिप्टिकमधून काढल्यावर उजव्या बाजूला शेपटी आली, लाटांची, हळूहळू विरणारी. नटाच्या खांद्याजवळची पांढुरकी रेघ ती हीच.

सिम्युलेशनच्या फाइलीत २टी कायमचा घातला आहे. यापुढे कोणताही बदल आधी त्याच्यातून जाईल.

२ मार्च

आजचा निर्णय या प्रकल्पातला सर्वांत मोठा: एडीसी ५४ मेगाहर्ट्झला चालवायचा, चौपट वेगाने.

१३.५ला सँपल करताना ७.७५च्या वरचे सगळे परत ५.७५च्या आत येऊन बसते. ५४ला केले तर आपल्या पट्ट्यात परतणारा भाग ४८.२५ ते ५९.७५ मेगाहर्ट्झ एवढाच. म्हणजे अ‍ॅनालॉग फिल्टरला ५.७५पासून ४८.२५पर्यंतची मोकळी उतरण मिळाली, आठपटीहून जास्त. तिथे तिसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ पुरतो. ३ डेसिबलचा बिंदू १० मेगाहर्ट्झला ठेवला की ४८.२५ला ४१ डेसिबल मिळतात आणि ५.७५ला घट ०.१५ डेसिबल. ही घट ठाऊक आहे, गुळगुळीत आहे, आणि डिजिटल बाजूला भरून काढता येते.

ग्रुप डिले: शून्याजवळ ३१.८ नॅनोसेकंद, उपवाहकाला ३५.९. फरक ४.१. ५० सेंटिमीटरच्या पडद्यावर हे एका मिलिमीटरचा पंचविसावा भाग होतात.

मग तीव्र उतार कुठे गेला? तो डिजिटल झाला. ५४वरून १३.५वर उतरताना सममित एफआयआर फिल्टर (सँपलांना ठरलेल्या गुणकांनी गुणून बेरीज करणारा) लावायचा. सममित गुणकांच्या एफआयआरमध्ये सर्व वारंवारतांना एकच उशीर, गणितानेच. त्याला तापमान नाही, फॅबचा (चिपच्या कारखान्याचा) दिवस चांगला-वाईट नाही. ५४ ते २७ला हाफ-बँड (पट्ट्याच्या मध्यावर कापणारा सोपा एफआयआर) चालेल. २७ ते १३.५ला मात्र हाफ-बँड नको: तो ६.७५ला नेमका ६ डेसिबल देतो, आणि साचा १२ मागतो. तिथे साधा पूर्ण एफआयआर.

मधला पर्याय २७ मेगाहर्ट्झचा होता. पाचव्या ऑर्डरचा बटरवर्थ ८.५ला ठेवला तर २१.२५ला ३९.८ डेसिबल येतात. वाईट नाही. पण चिपवरचे आरसी (रोध-कपॅसिटर) घसरले की ५.७५ची घट ०.८३ डेसिबलपर्यंत जाते, नाहीतर दुसऱ्या टोकाला अडवणूक २८ डेसिबलवर येते. ५४चा एडीसी आज सहज मिळतो. वीज थोडी जास्त खातो, खाऊ दे.

५ मार्च

२ मार्चच्या निर्णयाला व्हीसीआरकडूनही आधार मिळाला. व्हीएचएसमध्ये ल्युमा एफएमवर, म्हणजे वाहकाच्या वारंवारतेच्या बदलात, नोंदलेली असते: पालसाठी सिंकच्या (रेषेची सुरुवात सांगणाऱ्या खुणेच्या) टोकाला ३.८ मेगाहर्ट्झ, पांढऱ्याला ४.८. डीमॉड्युलेशननंतर वाहकाच्या दुपटीचा अवशेष ७.६ ते ९.६मध्ये उरतो, आणि जुन्या मशीनचा आउटपुट फिल्टर थकला असेल तर तो बाहेरही येतो. १३.५च्या सँपलिंगमध्ये हा अवशेष ५.९ ते ३.९वर दुमडतो. नेमका रंगाच्या गल्लीत, आणि उजळ भागात सर्वांत खोल शिरणारा. एकदा तिथे बसला की जगातला कोणताही फिल्टर तो काढू शकत नाही. ५४ला तो जिथल्या तिथे राहतो आणि एफआयआर त्याला सरळ कापतो.

१६ मार्च

रचना कोणती, यावर आठवडा गेला.

जीएम-सी की अ‍ॅक्टिव्ह-आरसी. जीएम-सी वेगवान: उघडा ट्रान्सकंडक्टर (व्होल्टेजचा प्रवाह करणारे सर्किट) कपॅसिटरमध्ये प्रवाह ओततो, मध्ये फीडबॅकची वाट पाहावी लागत नाही. ब्राम नाउटा यांनी १९९२ मध्ये नुसत्या सीमॉस इन्व्हर्टरांतून ट्रान्सकंडक्टर करून दाखवला. आत एकही नोड नाही, त्यामुळे शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत चालतो. ते सर्किट पाहताना आजही आनंद होतो. १०८० रेषांचा एचडी व्हिडिओ असता, ३० किंवा ६० मेगाहर्ट्झचा, तर मी तिकडेच वळलो असतो.

आपली गरज १० मेगाहर्ट्झची आहे आणि आपले दुखणे रेषीयतेचे. उपवाहक ल्युमाच्या पातळीवर स्वार असतो. ल्युमा काळ्यापासून पांढऱ्याकडे जाताना लाभ बदलला तर रंगाची गडदता बदलते, उशीर बदलला तर रंगछटा. पालमध्ये एकाआड एक रेषेला फेज उलटत असल्यामुळे छटेची चूक बरीचशी सावरली जाते, गडदतेची नाही. उघड्या ट्रान्सकंडक्टरचा लाभ सिग्नलच्या पातळीबरोबर हलतो. अ‍ॅक्टिव्ह-आरसीमध्ये लाभ ऑप-अँपच्या (खूप मोठ्या लाभाच्या वर्धकाच्या) फीडबॅकमुळे पॉलीच्या (पॉलीसिलिकॉनच्या) रोधांवर ठरतो, आणि ते रोध सरळ वागतात.

म्हणून अ‍ॅक्टिव्ह-आरसी, पूर्ण डिफरन्शियल (सिग्नल एकमेकांच्या उलट दोन तारांवर). पहिला टप्पा एका ध्रुवाचा, तोच एकेरी सिग्नलचा डिफरन्शियल करतो. पुढे टो-थॉमस बायक्वाड (दोन ध्रुवांचा टप्पा), क्यू १. डिफरन्शियल असल्याने उलटा करणारा ऑप-अँप लागत नाही, दोन तारा अदलाबदल केल्या की झाले. एकूण तीन ऑप-अँप.

३० मार्च

रोध आणि कपॅसिटर. १० किलोओहम आणि १.६ पिकोफॅरड घेतले तरी १० मेगाहर्ट्झ मिळतात, ४ किलोओहम आणि ४ पिकोफॅरड घेतले तरी मिळतात. फरक गोंगाटाचा.

पूर्ण रंगाच्या पट्ट्यांत पाल सिग्नल सिंकच्या टोकापासून पिवळ्याच्या शिखरापर्यंत १.२३ व्होल्ट जातो. एडीसीची मर्यादा १.३ धरली तर १० बिटांत एक पायरी १.२७ मिलिव्होल्ट, क्वांटायझेशनचा गोंगाट ०.३७ मिलिव्होल्ट. चौपट सँपलिंगनंतर डिजिटल फिल्टर तो निम्म्यावर आणतो, ०.१८. फिल्टरने त्याच्या खूप खाली राहावे. ४ किलोओहमच्या एका रोधाचा गोंगाट हर्ट्झच्या वर्गमुळाला ८ नॅनोव्होल्ट; सगळे रोध आणि ऑप-अँप मिळून पट्ट्यात साधारण ०.१ मिलिव्होल्ट होतात. १० किलोओहमला हेच ०.१७च्या आसपास, म्हणजे एडीसीच्या बरोबरीने. ४ घेतले.

जागा: एमआयएम (धातूच्या दोन थरांमधला) कपॅसिटर चौरस मायक्रोमीटरला २ फेमटोफॅरड देतो. ४ पिकोफॅरडला ४५ बाय ४५ मायक्रोमीटर. परवडते. रोधांसाठी ३२० ओहम प्रति चौकोनाचा पॉली घेतला. २००० ओहमवाला घेतला असता तर अख्खा रोध दोन चौकोनांचा, आणि मग संपर्कांच्या टोकांचाच रोध मोजत बसावे लागले असते.

१३ एप्रिल

चिपवरचे फिल्टर ज्या जागी रडवतात तिथे आलो. रोध १५ टक्के इकडेतिकडे, कपॅसिटर १० टक्के. दोघे एकाच बाजूला गेले तर १० मेगाहर्ट्झचे ७.९ होतात किंवा १३.१.

सौम्य फिल्टरचा फायदा इथे पुन्हा दिसतो. ७.९ला ५.७५ची घट ०.६ डेसिबल, उपवाहकाचा जादा उशीर ८.८ नॅनोसेकंद, १३.१ला ४८.२५ची अडवणूक ३४ डेसिबल. चित्र पाहता येईल असे आहे. त्याच जागी १३.५चा एलिप्टिक असता तर कड ४.५५वर आली असती आणि रंगाचा वरचा पट्टा कापला गेला असता.

तरी ०.६ डेसिबल मला नको, कारण ती प्रत्येक चिपला वेगळी असेल आणि डिजिटल बाजूला तिचा पत्ता नसेल. प्रत्येक कपॅसिटरच्या जागी ३.१५ पिकोफॅरड कायमचे आणि त्यावर ४ बिटांची बँक, पायरी ०.१४. एकूण ५.२५पर्यंत. दोन्ही टोकांचे विचलन त्यात सामावते आणि उरलेली चूक सव्वादोन टक्क्यांच्या आत. पाचवा बिट घालावा असा आग्रह झाला. नाही घातला: इतक्या सौम्य उतारावर सव्वादोन टक्के डोळ्याला काय, यंत्रालाही जेमतेम दिसतात, आणि प्रत्येक बिटाबरोबर स्विचांचे परजीवी (नकोसे, आपोआप येणारे) कपॅसिटन्स वाढते.

बँकेचे स्विच ऑप-अँपच्या आभासी ग्राउंडच्या बाजूला. तिथे व्होल्टेज जवळजवळ हलत नाही, त्यामुळे स्विचचा रोधही हलत नाही.

कोड ठरवायला त्याच जातीच्या रोध-कपॅसिटरांचा एक लहान ऑसिलेटर, आणि क्रिस्टलच्या घड्याळाशी त्याची मोजणी. सुरू करताना एकदा, नंतर तापमान बदलेल तशी अधूनमधून. एक नियम मात्र कडक: नवा कोड फक्त उभ्या ब्लँकिंगमध्येच, म्हणजे चित्र नसलेल्या रेषांत, लागू होईल. दर फील्डला २५ रेषा, म्हणजे १.६ मिलिसेकंद मिळतात, भरपूर झाले. चित्र चालू असताना स्विच हलला तर एक रेघ उमटेल, आणि ती नक्कलेत कायमची राहील.

२७ एप्रिल

ऑप-अँप. दोन टप्प्यांचा, १.८ व्होल्टवर. लाभ-बँडविड्थ सामान्य कॉर्नरला (प्रक्रियेच्या सरासरी स्थितीत) ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास. आदर्श इंटिग्रेटरपेक्षा प्रत्येकाचा फेज थोडा मागे पडतो आणि बायक्वाडचा क्यू १ऐवजी १.०५ येतो. वारंवारतेच्या आलेखात ही गोष्ट क्षुल्लक, पण २टीच्या पायथ्याशी दिसते. प्रत्येक इंटिग्रेटर कपॅसिटरला ८० ओहम एकसरीत जोडले, फेज पुढे आला, क्यू जागेवर. ८० ओहम म्हणजे पाव चौकोन. तो तसा काढत नाहीत, ३२०चे चार समांतर.

सावकाश कॉर्नर, ८५ अंश: क्यू १.०२. चालेल.

११ मे

आज सिम्युलेशनमध्ये खरी टेप घातली. व्हीसीआरचा आउटपुट ७५ ओहमवर बंद करून ऑसिलोस्कोपने काही रेषा टिपल्या आणि एनजीस्पाइसला तुकड्या-तुकड्यांच्या सरळ रेषांचा स्रोत म्हणून दिल्या. ठरवून नऊवारीचे दृश्य निवडले: गडद पार्श्वभूमी, लाल साडी, हिरवा काठ.

आधी ठरलेल्या चाचण्या. २टी: उंची ९९ टक्क्यांहून वर, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, शेपटी नाही. २०टी, ज्यात ल्युमा आणि उपवाहक एकत्र चढतात-उतरतात: पायथा सरळ. उशिराचा फरक असता तर तिथे एस आकाराची वळी दिसली असती. काकांना दोन्ही चित्रे पाठवली. त्यांनी उत्तरात पायथा दहापट मोठा करून मागितला. तोही पाठवला. मग फोन आला: ‘‘आता ठीक. पुढे जा.’’

मग टेपची रेष. फिल्टरच्या आधीची आणि नंतरची एकावर एक ठेवली, ३२ नॅनोसेकंद सरकवून. रंगाचे आवरण आणि ल्युमाची कड यांच्यातले अंतर आधी होते तेवढेच नंतर. टेपने रंग जेवढा पसरवला होता तेवढा पसरलेलाच आहे, आणि आपण त्यात काही घातले नाही.

२५ मे

लेआउट. हा भाग माझ्या सहकारीणबाईंचा, आणि त्यांचा हात फार स्वच्छ आहे. जोडीचे कपॅसिटर समान केंद्राभोवती, कडेला डमी. एमआयएमची खालची पाटी ऑप-अँपच्या आउटपुटकडे, वरची आभासी ग्राउंडकडे, म्हणजे सबस्ट्रेटचा परजीवी कपॅसिटन्स ज्या नोडला तो झेपतो त्याच्याकडे गेला. बँकेच्या डिजिटल तारा खालून येतात, सिग्नल वरून.

त्यांनी आग्रहाने एक गोष्ट करून घेतली: मोजणीच्या ऑसिलेटरमधला कपॅसिटर फिल्टरमधल्या कपॅसिटरची हुबेहूब प्रत, स्विच, तारा, डमींसकट. तार जवळून जाते म्हणून जे दोन टक्के वाढतात ते ऑसिलेटरातही वाढायला हवेत, नाहीतर मोजणी एका कपॅसिटरची आणि दुरुस्ती दुसऱ्याची.

८ जून

एक्स्ट्रॅक्शननंतरची, म्हणजे लेआउटमधले परजीवी धरून केलेली, सिम्युलेशन. कड बँकेच्या मधल्या कोडला ९.७ मेगाहर्ट्झ, एका कोडने खाली आणल्यावर १०च्या जवळ. सर्व कॉर्नरांत, शून्य ते ८५ अंशांत, बँक दोन्ही टोकांना पुरते. माँटे कार्लोमध्ये (घटकांत यादृच्छिक फरक घालून) उपवाहकाचा जादा उशीर ४ ते ४.५ नॅनोसेकंदांत. डीआरसी (लेआउटचे नियम) आणि एलव्हीएस (लेआउट आणि सर्किट यांची जुळणी) स्वच्छ.

पॅडवरून (चिपच्या बाहेरच्या जोडणीच्या जागेवरून) एक जरा लांब चर्चा झाली. एक पॅड उरला होता. त्यावर पुरवठ्याची जास्तीची जोडणी द्यावी, की फिल्टर वगळून सिग्नल थेट एडीसीकडे नेणारा मार्ग निवडायला तो द्यावा. मी दुसऱ्यासाठी भांडलो. चिप हातात आल्यावर त्याच टेपची तीच रेष फिल्टरमधून आणि फिल्टरविना, दोन्ही नोंदता आली पाहिजे. तरच आपण काय बदलले आणि काय नाही हे कॅसेट ज्यांच्या आहेत त्यांना दाखवता येईल. तसेच ठरले. थेट मार्गावर बफर नाही, फक्त स्विच, त्यामुळे तो चाचणीपुरताच वापरायचा.

बोर्डाची यादी: ७५ ओहमचे टोक, क्लँपसाठी ०.१ मायक्रोफॅरड, २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ५४चे घड्याळ त्याच्यापासून. एडीसीच्या घड्याळाची तार व्हिडिओच्या इनपुटपासून बोर्डाच्या दुसऱ्या कडेने न्यायची. एफआयआरचे गुणक पुढच्या आठवड्यात, ०.१५ डेसिबलची भरपाई धरून.